उजवा कान चिरलेला

धनाजी वस्तीवरून परतला तो वैतागूनच. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक धनगरवस्ती आहे. तिथल्या सगळ्या घरांची बोकडं त्याने टेम्पोत चढवून आणली होती, फक्त सावळाच्या घरची सोडून. कंपनी चालवणाऱ्या सोमनाथ सरांनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, की त्यांच्या शेळ्या गाभडल्यात, दिवस भरायच्या आधीच गर्भ पडलेत, साथीचा संशय आहे, असली जनावरं गाडीत घालून बाकीची कोण खराब करणार. आणि तसं त्याने सावळाला तिथंच, सगळ्या वस्तीसमोर सांगूनही टाकलं होतं.

“हे तुला कुणी सांगितलं?” सरांनी विचारलं.

धनाजीने नूतनच्या टेबलाकडे हात केला. “मॅडमच्या सर्चनं. सावळाचं नाव टाकलं की लगेच समोर. लई भारी काम केलंय बरं का, मॅडम.”

नूतनला आधी बरं वाटलं. आधी बरं वाटलं होतं, हेच तिला नंतर फार टोचत राहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की धनाजी ज्या पानाबद्दल बोलतोय ते त्याला दिसायलाच नको होतं. आणि त्या पानावर सावळाचं नाव कुठेही नव्हतं.

कंपनी तशी लहान. नसरापूर फाट्याजवळ दुकानांच्या वरचा एक मजला. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या शेळ्या-मेंढ्यांवर उपचार करायचे, त्यांचा विमा उतरवायचा आणि डोंगरातल्या वस्त्यांवरून बोकडं विकत घेऊन शहरात पोचवायची, अशी तीन कामं होती आणि तिन्ही कामांची माणसं वेगळी. नूतन जवळच्याच कामथडीची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर रक्ताचे नमुने तपासायला ती इथं लागली, आणि कॉम्प्युटर चांगला समजतो म्हणून हळूहळू तेही काम तिच्याकडे आलं.

आरोग्य टीमची एक विकी होती, म्हणजे टीममधल्या कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं अशी पानं. डॉक्टर आणि वस्त्यांवर फिरून जनावरं बघणाऱ्या पशुसखी त्यात लिहीत. पण कंपनीच्या सर्चमध्ये त्यातलं काहीच सापडत नसे. विमा विभागाला एखाद्या औषधाची माहिती हवी असली तरी डॉक्टरांना फोन करावा लागे. सर वैतागून म्हणाले होते, की विकी सर्चला जोडून टाक, आपलंच आपल्याला सापडत नाही म्हणजे काय.

हे काम नूतनला मनापासून आवडलं. सर्चला विकीची सगळी पानं वाचता यावीत म्हणून तिने त्याला ॲडमिनचं लॉगिन दिलं. कोणतं पान कुणाला दिसावं ही परवानगी मात्र पानांबरोबर आपोआप येत नव्हती. ती वेगळी जोडावी लागणार होती. आधी निकाल नीट येतात का ते बघू, म्हणून तिने चाचणीपुरतं सगळं सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. निकाल काही नीट येईनात. कुणी तालुक्याला वेल्हे लिही, कुणी राजगड हे नवं नाव. एकच आजार चार जणांनी चार तऱ्हांनी लिहिलेला. तेव्हा तिने सर्चला समानार्थी शब्दांची एक यादी करून दिली. कुणी हा शब्द शोधला, तर तोही शोध.

यादी वाढवता वाढवता ती शेळ्यांच्या कानांपाशी आली.

सावळाच्या वस्तीवर प्रत्येक घराची शेळ्यांच्या कानाला वेगळी खूण असते. कुणाच्या डाव्या कानाला भोक, कुणाचा उजवा कान टोकाला चिरलेला. सगळ्यांच्या शेळ्या एकत्र डोंगरात जातात, एकेक घर पाळीने सगळा कळप राखतं, आणि संध्याकाळी कान बघून ज्याच्या त्याच्या शेळ्या वेगळ्या होतात. जनावर आजारी पडलं तर मात्र घराचं नाव घ्यायचं नाही, कान सांगायचा, अशी तिथली रीत. वस्तीत कुणाला कान ओळखता येत नाही असं नाही. तरी नाव घेत नाहीत. पशुसखी रत्ना याच वस्तीतली. विकीतही ती तसंच लिहायची: उजवा कान चिरलेला, दोन शेळ्या गाभडल्या, रक्त घेतलं, निकाल बाकी. पुढे टीमने तोच नियम करून टाकला, कारण त्या भरवशावरच लोक शेळ्यांचं रक्त काढू देत होते.

नूतनला ती अर्धवट माहिती वाटली. मागे एकदा ती रत्नाबरोबर वस्तीवर गेली होती, तेव्हा कुठला कान कुणाचा हे तिने सारखं विचारलं होतं, आणि रत्नाने हसत हसत, नात्यातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी एकेका घराची खूण सांगितली होती. नूतनच्या ती बरोबर लक्षात होती. तिने यादीत सावळाच्या नावापुढे उजवा कान चिरलेला लिहिलं, गेनबाच्या नावापुढे डाव्या कानाला भोक, आणि अशीच सगळी घरं. त्यानंतर सर्चचे निकाल इतके अचूक यायला लागले की ती उगाच एकेक नाव टाकून बघत बसली.

त्याच सुमाराला रत्नाने फोनवर विचारलं होतं, की आम्ही लिहिलेलं आता सगळ्यांना दिसणार का. नूतन म्हणाली होती, नाही, तुमच्या टीमपुरतंच राहील. ती खोटं बोलली नव्हती. ते करायचंच होतं. पण सरांना दाखवायचा दिवस आला, सगळ्यांना सर्च आवडला, लगेच सुरू झाला, आणि परवानग्या जोडायचं काम मागे पडलं. दोन्हीपैकी एकच चूक झाली असती तर काही बिघडलं नसतं. नुसत्या कानावरून धनाजीला घर कळलं नसतं, आणि नुसती यादी असती तर ते पान टीमबाहेर कुणाला दिसलं नसतं.

धनाजी खाली टेम्पोकडे गेल्यावर नूतनने सगळं दुरुस्त केलं. विकीची पानं पुन्हा टीमपुरती केली. यादीतून कान आणि नावं पुसून टाकली. मग सावळाचं नाव टाकून पाहिलं. काही आलं नाही. काम बरोबर झालं होतं. कुणाला काही बोलायची गरज आता उरली नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रत्नाचा सरांना फोन आला. सरांनी तो स्पीकरवर ठेवला.

वस्तीने सावळाच्या शेळ्या पाळीतून काढल्या होत्या. सावळा आणि सोजराबाई, घरात दोघंच म्हातारी माणसं. सावळा आता आपल्या शेळ्या घेऊन एकटाच दुसऱ्याच सोंडेने डोंगरात जात होता. शेळ्या गाभडल्याचं सोजराबाईने एकट्या रत्नाला सांगितलं होतं, आणि रत्नाच्या सांगण्यावरूनच त्या दोन शेळ्या घरामागे वेगळ्या बांधल्या होत्या. आता सोजराबाई तिच्याशी बोलत नव्हती. वस्तीतलं एकही घर रत्नाला गोठ्याकडे फिरकू देत नव्हतं. तिचा नवरा सिद्धनाथ म्हणत होता, की ही नोकरी सोड, आपल्याला याच माणसांत राहायचंय. आणि रत्ना सरांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, की तिने नाव लिहिलेलं नाही.

सरांनी विकीतलं पान उघडलं. त्यावर नाव नव्हतं. धनाजी म्हणाला, की काल सर्चमध्ये सावळाचं नाव टाकल्यावर आलेलं हेच पान त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पोराची शपथ घेतो. सरांनी नूतनला शोधायला सांगितलं. तिने सगळ्यांदेखत सावळाचं नाव टाकलं. काही आलं नाही.

“म्हणजे बोभाटा झाल्यावर पुसलं,” सर म्हणाले.

फोन चालूच होता. पलीकडे रत्ना सगळं ऐकत होती.

विकीतल्या प्रत्येक पानाला इतिहास असतो. कुणी, केव्हा, कोणता शब्द बदलला, सगळं त्यात असतं. त्या पानाचा इतिहास उघडला असता तर दिसलं असतं, की रत्नाने लिहिल्यापासून पानाला कुणीही हात लावलेला नाही. पानाच्या कोपऱ्यात त्याचं बटण होतं. सरांना ते माहीत नव्हतं, धनाजीला नव्हतं, रत्नाला तर नव्हतंच. नूतन त्या बटणाकडे बघत राहिली. आपण केलेल्या दुरुस्तीनेच रत्ना खोटी ठरली, हे तिला कळत होतं. तरी तोंडातून शब्द निघाला नाही. सर म्हणाले, की वेल्ह्याकडचं काम पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या पशुसखीला, प्रेरणाला देऊ, रत्नाने घरी बसावं. रत्ना “बरं” म्हणाली आणि फोन बंद झाला.

नूतनकडे कारणं होती. ती नोकरीत अजून कायम झाली नव्हती. सर चिडून सर्चच बंद करतील, असंही वाटत होतं. पण सगळ्यांत जास्त तिने एका गोष्टीचा आधार घेतला: रक्ताचे निकाल. नमुने तिच्याकडेच होते. शेळ्या निर्दोष निघाल्या तर सगळंच मिटेल, मग कुणी काय लिहिलं आणि कुणी पुसलं याला काय अर्थ राहणार. तिने चाचणी स्वतः लावली, इतर कामं बाजूला ठेवून. दोन्ही शेळ्यांच्या रक्तात काही सापडलं नाही.

तिने लगेच रत्नाला फोन केला.

“न्हाई ना काय? बरं झालं बाई,” रत्ना म्हणाली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. “पन त्ये सांगायला माझं आता ऐकतंय कोन? डाक्टरांना सांगा, डाक्टर सांगतील.” मग तिने आवाज खाली आणला. “म्या खरंच न्हाई लिवलं, मॅडम. तुमी तरी इस्वास ठेवा.”

“मला माहीत आहे,” नूतन म्हणाली.

“तुमाला कसं ठावं?”

“ते मी केलंय, रत्नाताई.”

मग तिने सांगितलं. यादी, परवानगी, सगळं. बोलता बोलता ते फार गुंतागुंतीचं होत गेलं, आणि ते गुंतागुंतीचं वाटावं असं आपल्यालाच वाटतंय की काय, या विचाराने ती मध्येच थांबली.

रत्नाने यादीबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, “सर बोलले पुसलं म्हनून, तवा तुमी तितंच व्हतात ना?”

“होते.”

“आन ऐकत व्हतात?”

“हो.”

नूतनने माफी मागितली. रत्नाने ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. ती म्हणाली, “हापिसात सांगाल तुमी, माझी नोकरी ऱ्हाईल. वस्तीवर कोन सांगनार?”

ऑफिसात सांगणं त्यामानाने सोपं गेलं. नूतनने सरांना पानाचा इतिहास उघडून दाखवला, यादी कशी होती ते कागदावर काढून दाखवलं. सर चिडले. पण त्यांचा राग चुकीवर कमी आणि त्या दिवशी गप्प बसण्यावर जास्त होता, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी तिथल्या तिथे रत्नाला फोन करून काम तुझ्याचकडे राहील असं सांगितलं. धनाजी दारात उभा राहून ऐकत होता. “आन मी भारी म्हणालो,” एवढंच तो बोलला आणि जिना उतरून गेला. सावळाला सगळ्यांसमोर बोलला होता तो, आणि ते शब्द आता त्याच्याकडेही परत आले होते.

सुट्टीच्या दिवशी नूतन स्कूटीने निघाली. मार्गासनी गाव मागे पडल्यावर रस्ता रिकामा झाला. वेल्ह्याच्या बाजारात तिने स्कूटी लावली. एसटी थांब्यापाशी रत्ना उभी होती. दोघी पायवाटेने चढायला लागल्या. मागच्या वेळी याच वाटेवर रत्ना अखंड बोलत होती, कुठला पाला शेळ्यांना चालत नाही, कुणाची सून माहेरी का गेली. या वेळी ती पुढे चालत राहिली. एका निसरड्या जागी तिने मागे न बघता “हितं जपून” म्हटलं, तेवढंच.

सावळा नुकताच डोंगरातून आला होता आणि ओट्यावर पाय पसरून बसला होता. वस्तीतल्या वडीलधाऱ्या गेनबाला रत्नाने निरोप दिला होता, तो आणखी दोघांना घेऊन आला. सिद्धनाथ लांब, गवताच्या गंजीला टेकून उभा राहिला. सोजराबाई चुलीपाशी होती. तिने नूतनकडे पाहिलं, रत्नाकडे पाहिलं नाही.

नूतनने वाटेत वाक्यं जुळवली होती. इथं आल्यावर त्यांतलं एकही कामाचं वाटेना.

“रत्नाताईंनी नुसता कान लिहिला होता,” ती म्हणाली. “त्या कानापुढे तुमचं नाव मी लावलं. आणि ते सगळ्यांना दिसेल असं मीच ठेवलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.”

सावळा तिच्याकडे बघत होता. “कान आमचा हाय, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?”

हा प्रश्न येईल असं तिला वाटलंच नव्हतं. रत्ना खाली बघत होती. खोटं बोलणं सोपं होतं. शेळ्या बघूनच कळलं, म्हणता आलं असतं. पण सगळं खरं सांगायला म्हणून ती आली होती.

“रत्नाताईंनी. मी विचारलं म्हणून.”

गंजीपाशी सिद्धनाथ हलला. मग गेनबा खाकरला. “कान सांगितला त्यात काय झालं? कान काय ती शेळी फडक्यात बांधून फिरती व्हय?”

दोघं हसले. सावळा हसला नाही, पण त्याने पाय आखडून घेतले आणि तो नीट बसला.

“त्ये जाऊ द्या,” गेनबा नूतनला म्हणाला. “तुमी पोर हुशार दिसताय. नाव कशापायी लावलं?”

“शोधायला सोपं जावं म्हणून.”

“कुनाला?”

सगळ्यांना, असं ती म्हणणार होती. मग तिला धनाजी आठवला. तिने नकारार्थी मान हलवली.

शेवटी ती सावळाकडे वळली. “रक्ताचा निकाल आलाय. इथं सांगू, की तुम्हाला एकट्यांना?”

“आता काय ऱ्हायलंय झाकायचं,” सावळा म्हणाला. “सांगा.”

तिने सांगितलं, की काही सापडलेलं नाही. तिथं थांबली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण एकाच चाचणीवर तिला इतका भरवसा ठेवता येत नव्हता. ती म्हणाली, की गाभडल्यावर इतक्या लवकर घेतलेल्या रक्तात आजार कधी कधी लपतो. थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त घ्यावं लागेल, तोवर त्या दोन शेळ्या वेगळ्याच ठेवाव्यात. हे बोलताना आपण पुन्हा एकदा याच घराचं नुकसान करतोय असं तिला वाटत होतं.

“मंग रत्ना दुसरं काय म्हनत व्हती?” गेनबा म्हणाला. “त्या दोन तर तिनं आदीच बांदायला लावल्या हुत्या.” त्याने सावळाकडे बघितलं. “त्या ऱ्हाऊ दे बांदलेल्या. बाकीच्या सोड उद्या पाळीत.”

“बघू,” सावळा म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर आहे हे कळत नव्हतं. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “बघू सकाळच्याला.”

माणसं उठली. नूतन वाट बघत होती की कुणीतरी तिला काही बोलेल. खूप बोलेल. कुणी बोललं नाही. सोजराबाईने चहाचा कप आणून तिच्या हातात दिला. दुसरा रत्नापुढे धरला आणि तिने तो घेईपर्यंत हात मागे घेतला नाही.

“त्यो घिऊन मागं ये,” सोजराबाई म्हणाली. “दावायचंय तुला.”

रत्ना कप घेऊन तिच्यामागे निघाली. नूतनही सवयीने उठली. एखादी तिसरी शेळी असेल, गाभण असेल, काही लक्षण दिसलं असेल, तिला ते बघायला हवं होतं. सोजराबाईने वळून पाहिलं.

“तुमी च्या घ्या,” ती म्हणाली.

नूतन खाली बसली. घरामागून दोघींचं बोलणं ऐकू यायला लागलं. सोजराबाई हळू बोलत होती, रत्ना मध्येमध्ये विचारत होती. कुडाच्या भिंतीतून शब्द पुरे येत नव्हते. परवापासून, असं काहीतरी आलं. मग खात नाही, असं आलं. थोडं पुढे सरकून बसलं असतं तर सगळंच कळलं असतं. नूतनने कप उचलला, अंगण ओलांडलं आणि पार बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिथं वारा होता. घराकडे पाठ करून ती चहा पीत राहिली.